होक्काइदोची वसाहत आणि कुरोदा

जपानच्या उत्तर टोकाचे होक्काइदो बेट आज दूधदुभते आणि साप्पोरो बीअरसाठी ओळखले जाते. दीडशे वर्षांपूर्वी मात्र शिकार आणि मासेमारीवर जगणाऱ्या ऐनू या मूलनिवासींची ती भूमी होती. हे चित्र पालटणाऱ्या सरकारी मोहिमेचे सूत्रधार होते कियोताका कुरोदा.

कुरोदा यांचा जन्म १८४० मध्ये सात्सुमा संस्थानातील एका सामुराई कुटुंबात झाला. १८६९ मध्ये हाकोदाते येथे यादवी युद्धाची अखेरची लढाई त्यांनी जिंकली. पराभूत सेनानी एनोमोतो यांना जीवदान मिळावे म्हणून त्यांनी स्वतःचे मुंडन केले आणि पुढे त्यांनाच आपल्या हाताखाली घेतले.

उत्तरेकडून रशिया सरकत होता. बेट राखायचे तर तेथे माणसे वसवणे भाग होते. त्यासाठी १८६९ मध्ये वसाहत खाते स्थापन झाले. त्याची सूत्रे लवकरच कुरोदा यांच्याकडे आली. १८७१ मध्ये अमेरिकेला जाऊन त्यांनी तेथील कृषी आयुक्त होरेस कॅप्रन यांना सल्लागार म्हणून आणले. १८७५ पासून शेतकरी-सैनिकांची गावे वसू लागली. वेळ पडली तर नांगर सोडून बंदूक हाती घेणारी ही माणसे बहुतांशी निर्धन झालेले सामुराई होती. १८७६ मध्ये साप्पोरोत कृषी महाविद्यालय आणि बीअरचा कारखाना सुरू झाला.

या प्रगतीची किंमत ऐनूंनी मोजली. त्यांच्या जमिनी सरकारजमा झाल्या, विषारी बाणांनी शिकार करण्यास बंदी आली. १८७५ च्या करारान्वये साखालिन बेट रशियाला गेले. तेथून आठशेहून अधिक ऐनूंना साप्पोरोजवळ हलवण्यात आले. पुढे पटकी आणि देवीच्या साथींत त्यांतील शेकडो दगावले.

१८८१ मध्ये कुरोदा यांनी खात्याची मालमत्ता आपल्याच प्रांतातील व्यापाऱ्याच्या कंपनीला कवडीमोलाने विकण्याचा घाट घातला. देशभर संताप उसळला. विक्री रद्द झाली आणि १८९० पर्यंत संसद स्थापण्याचे वचन सरकारला द्यावे लागले. नियतीचा खेळ असा की, ११ फेब्रुवारी १८८९ रोजी सम्राटांच्या हातून राज्यघटना स्वीकारणारे पंतप्रधान कुरोदाच होते.

१९०० मध्ये त्यांचे निधन झाले. साप्पोरोच्या ओदोरी उद्यानात कुरोदा आणि कॅप्रन यांचे पुतळे उभे आहेत. ऐनू हे या देशाचे मूलनिवासी आहेत, हे जपानच्या कायद्यात लिहिले जाण्यासाठी मात्र २०१९ साल उजाडावे लागले.