टाळ-मृदंगाच्या साथीने ख्रिस्ताकडे नेणारा उपदेशक

मराठी शाळेतून शिकलेल्या बहुतेकांना रेव्हरंड नारायण वामन टिळक ठाऊक असतात ते कवी म्हणून. फुलामुलांचे कवी ही त्यांची ओळख पाठ्यपुस्तकांनी घरोघर पोहोचवली. नावामागचे 'रेव्हरंड' हे बिरुद मात्र आपण सवयीने उच्चारतो आणि पुढे जातो. त्या एका शब्दामागे चोवीस वर्षांचे धर्मजीवन, एका संसाराची झालेली ताटातूट आणि स्वतःच्याच चर्चशी चाललेला एक प्रदीर्घ संवाद दडलेला आहे.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन कुटुंबात झाला. आईवर त्यांचा विलक्षण जीव होता. वडिलांचा स्वभाव मात्र तापट. आईच्या अकाली मृत्यूनंतर घर तुटले आणि हा मुलगा नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यासारखा गुरू लाभल्याने संस्कृत काव्याची गोडी लागली. १८८०मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिकेशी त्यांचा विवाह झाला. याच पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक.

संसार मांडला तरी टिळकांचे पाय एका गावी ठरत नसत. कधी शिक्षकी, कधी कीर्तन-प्रवचन, असे करीत ते नागपूरला पोहोचले. तेथे आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी 'ऋषि' हे मासिक चालवले. धर्माविषयीचे त्यांचे मनन या काळात तीव्र झाले होते. ईश्वर एकच आहे आणि माणसामाणसांत जातीची भिंत असू नये, या निष्कर्षाप्रत ते ख्रिस्ती होण्यापूर्वीच आले होते. जातिभेदाने पोखरलेल्या देशाला तारील असा धर्म त्यांना हवा होता.

अशा मनःस्थितीत १८९३मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाची गाठ पडली. गप्पा संस्कृत काव्यावरून धर्मावर आल्या. निरोप घेताना त्या गृहस्थाने नव्या कराराची प्रत हाती ठेवली आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ते पटले नाही. पण पुस्तक वाचण्याचे वचन त्यांनी पाळले. डोंगरावरील प्रवचनापर्यंत आल्यावर मात्र पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत, अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाची जबर किंमत घरच्यांना मोजावी लागली. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. लहानग्या दत्तूला घेऊन त्या नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या. काही काळ तर पंढरपुरी विठोबाच्या गावात. ही ताटातूट चारएक वर्षे टिकली. अखेर त्या नगरला पतीकडे आल्या, पण चूल वेगळी, पाणी वेगळे आणि देवही वेगळा! एका छपराखाली दोन धर्म नांदत होते. हळूहळू जातीचे बंध माणसानेच निर्माण केलेले आहेत, हे त्यांना स्वतःच्या विचाराने पटले आणि १९००मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. उपदेशकाने जिंकलेले हे सर्वांत अवघड मन; आणि तेही उपदेशाने नव्हे, तर सहवासाने.

नगरला मिशनच्या धर्मशिक्षण विद्यालयात टिळक शिकवू लागले. १९०४मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. येथूनच त्यांच्या खऱ्या झगड्याला आरंभ झाला. चर्चमधील उपासनेत भाषा मराठी असली तरी वळण परके होते. इंग्रजी स्तोत्रांची ओढूनताणून केलेली भाषांतरे विलायती चालींवर गायली जात. जो श्रोता ओवी-अभंग ऐकत लहानाचा मोठा झाला, त्याच्या अंतःकरणाला ती कशी भिडावीत? टिळकांनी अभंगाचा छंद, भजनाची चाल आणि कीर्तनाचे रूप घेतले. नगरमध्ये ख्रिस्ती कीर्तनाची सुरुवात कृष्णराव सांगळे यांनी आधीच केली होती; टिळकांनी तिला काव्याचे बळ दिले. ख्रिस्तापर्यंतची आपली वाट तुकोबांच्या अभंगांवरून गेली, हे ऋण ते उघडपणे मान्य करीत. त्यांची शेकडो भजने मराठी चर्चच्या उपासनासंगीतात रुळली आणि आजही गायली जातात.

१९१२पासून अखेरपर्यंत 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी केले. घर तर सदैव भरलेले असे. बालकवी ठोमरे या घरी मुलासारखे राहिले. हाती आलेला पैसा गरजूला देऊन टाकायचा आणि घरात काय शिजेल याची चिंता लक्ष्मीबाईंवर सोपवायची, असा खाक्या. हा साधुपुरुष शीघ्रकोपी आणि व्यवहारशून्यही होता, हे 'स्मृतिचित्रे' मुळीच लपवीत नाहीत. म्हणूनच त्या पुस्तकातले टिळक खरे वाटतात.

वाढत्या वयाबरोबर त्यांची अस्वस्थता वाढत गेली. ख्रिस्त हवा, पण ख्रिस्ती होणे म्हणजे आपल्या माणसांना आणि संस्कृतीला मुकणे का, हा प्रश्न त्यांना सोडत नव्हता. परदेशी पैशावर आणि परदेशी अधिकारावर उभी असलेली मंडळी या देशाची कशी होणार, असेही त्यांना वाटे. १९१७मध्ये त्यांनी मिशनची सेवा सोडली, संन्यस्त जीवन पत्करले आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात बंधू म्हणून स्थान होते. ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्याला आधी आपले घर सोडायला लावू नये, हा त्यामागचा विचार. मिशनमधील अनेकांना तो पचला नाही, आणि धर्मांतराकडे संशयाने पाहणाऱ्या समाजालाही तो सहज उमगणारा नव्हता.

हा प्रयोग रुजण्यास आवश्यक तेवढा अवधी मात्र टिळकांना मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. 'देवाचा दरबार' त्यांच्यामागे टिकला नाही. अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. एके काळी ज्यांच्या संसारावर ख्रिस्तामुळे वीज कोसळली, त्यांनीच ख्रिस्तचरित्राचे बहुसंख्य अध्याय रचले. टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे जे. सी. विन्स्लो यांनी १९२२मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापून भारतीय वळणाच्या ख्रिस्ती जीवनाचा ध्यास पुढे चालवला.

टिळकांनी धर्म बदलला, पण भाषा, छंद आणि मातीशी असलेले नाते बदलू दिले नाही. धर्म बदलला की माणूस परका होतो, असे मानणाऱ्यांना त्यांचे आयुष्य हेच उत्तर आहे. नगरच्या एखाद्या चर्चमध्ये रविवारी सकाळी त्यांचे भजन सुरू होते, तेव्हा ऐकणाऱ्याला ते सहज पटावे.