कूकाई

कूकाई (इ.स. ७७४ – इ.स. ८३५) हे जपानमधील शिंगोन या बौद्ध मंत्रयान पंथाचे संस्थापक आणि कोया पर्वतावरील तीर्थक्षेत्राचे जनक होते. मृत्यूनंतर इ.स. ९२१ मध्ये मिळालेल्या ‘कोबो दाइशी’ या उपाधीनेच जपानी जनता त्यांना अधिक ओळखते.

शिकोकू बेटावरील सानुकी प्रांतात साएकी घराण्यात त्यांचा जन्म झाला. मामांकडे चिनी ग्रंथांचे अध्ययन करून ते राजधानीतील विद्यालयात दाखल झाले. पुढे राजसेवा ठरलेलीच होती. परंतु ती वाट सोडून ते डोंगरदऱ्यांत तप करू लागले. त्या भटकंतीत योशिनोहून एक दिवस दक्षिणेस व दोन दिवस पश्चिमेस चालल्यावर त्यांना एक उंच, निर्जन पठार लागले. तेच कोया.

इ.स. ८०४ मध्ये राजदूतांच्या ताफ्यातून ते चीनला गेले. चांगआन नगरीत आचार्य हुइगुओ यांनी अवघ्या काही महिन्यांत त्यांना संपूर्ण दीक्षा दिली आणि लवकरच देह ठेवला. तेथेच भारतातून आलेल्या प्रज्ञ नावाच्या भिक्षूंकडून ते संस्कृत शिकले. वीस वर्षांसाठी गेलेले कूकाई दोनच वर्षांत परतले. हा नियमभंग असल्याने इ.स. ८०९ पर्यंत त्यांना राजधानीत प्रवेश मिळाला नाही.

सम्राट सागा यांच्या काळात मात्र त्यांचे दिवस पालटले. दोघेही नामांकित सुलेखनकार. स्नेह जुळला तो त्यातूनच. इ.स. ८१६ मध्ये कूकाईंनी ध्यानसाधनेसाठी कोया पर्वत मागितला आणि तो त्यांना मिळाला. परंतु पर्वत मिळाला तरी तेथे राहण्याची मोकळीक मिळाली नाही. इ.स. ८२१ मध्ये त्यांना सानुकीतील मान्नो तलावाचा फुटलेला बांध दुरुस्त करण्यास पाठवले गेले; ते काम त्यांनी सुमारे तीन महिन्यांत तडीस नेले. इ.स. ८२३ मध्ये राजधानीतील तोजी हे मंदिर त्यांच्याकडे सोपवले गेले. इ.स. ८२८ मध्ये त्यांनी सामान्य घरांतील मुलांसाठीही खुली असलेली शाळा काढली. त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती. इकडे दुर्गम कोयावरील बांधकाम निधीअभावी रेंगाळत राहिले. इ.स. ८३१ मध्ये आजारी पडल्यावर त्यांनी पदमुक्तीची विनंती केली. ती मान्य झाली नाही. पुढील वर्षी ते कोयावर परतले. इ.स. ८३५ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा तेथील महास्तूप अपुराच होता. तो शिष्यांनी पूर्ण केला.

अनुयायांच्या श्रद्धेनुसार ते मृत नसून समाधिस्थ आहेत. ओकुनोइन येथील समाधिस्थानी आजही दिवसातून दोनदा नैवेद्य नेला जातो. पायथ्यापासून वर जाणाऱ्या सुमारे २२ किलोमीटरच्या जुन्या वाटेने यात्रेकरू व गिर्यारोहक चढतात. स्त्रियांना मात्र इ.स. १८७२ पर्यंत पर्वतावर मज्जाव होता. खुद्द कूकाईंच्या मातोश्रींनाही पायथ्याशीच राहावे लागले आणि त्यांच्या भेटीसाठी ते महिन्यातून नऊ वेळा खाली उतरत, अशी आख्यायिका आहे. पायथ्याच्या कुदोयामा या गावाच्या नावातील ‘नऊ’ हा आकडा तिच्याशीच जोडला जातो.