हिवऱ्याच्या बागेचे गिब्सनसाहेब

बोरी बुद्रुकहून हिवरे काही लांब नाही. नारायणगावाजवळच्या त्या गावी शंभर-सव्वाशे नव्हे, पावणेदोनशे वर्षांपूर्वी औषधी झाडांची सरकारी बाग होती. ती सांभाळणारे डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन यांच्याविषयी मी लिहिते आहे.

त्यांचा जन्म १८०० सालचा, स्कॉटलंडातला. कंपनी सरकारचे डॉक्टर होऊन ते इकडे आले, मराठी शिकले. देवीची लस टोचण्याचे काम त्यांच्याकडे होते, त्यामुळे खेडोपाडी फिरणे आलेच. १८३८ साली पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचे ते मुख्य झाले. हिवऱ्याची बागही त्यांच्याच देखरेखीखाली होती. दवाखान्यांची औषधे तेव्हा विलायतेहून जहाजाने येत आणि महाग पडत. ती आपल्याच मातीत पिकवावी, हा बागेचा हेतू. खुरासनी ओवा तेथे लावला होता.

त्या काळी हिवतापाने माणसे फार जात. डास चावून तो होतो, हे तर १८९७ पर्यंत कोणाला सिद्ध करता आले नव्हते. औषध एकच, कोयनेल. तेही दक्षिण अमेरिकेतल्या सिंकोना झाडाच्या सालीचे. मग गरिबाने काय करावे? गिब्सनसाहेबांची नजर आपल्या सातविणीकडे गेली. एका पेरावर सात-सात पाने येणारे, साल कापली की पांढरा चीक देणारे ते झाड. कोकणात तिच्या सालीचा रस बाळंतिणीलाही देतात. ही कडू साल त्यांनी तापावर वापरून पाहिली, गुण येतो असे कळवले, आणि १८५३ साली विलायतेतल्या औषधवाल्यांच्या मासिकात त्याविषयी छापून आले. पुढे सरकारी औषधांच्या ग्रंथातही सातवीण गेली.

मात्र खरे ते सांगितले पाहिजे. पुढच्या तपासण्यांत सातवीण कोयनेलाच्या बरोबरीची ठरली नाही. म्हणून शोध वाया गेला असे मला वाटत नाही. अशीच जुनी वनस्पती तपासून चीनमधल्या तू यूयू या बाईंनी हिवतापाचे नवे औषध काढले, त्यांना २०१५ साली नोबेल मिळाले.

१८४७ साली साहेब मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. डोंगर बोडके झाले की झरे आटतात, हे ते सरकारला कळवीत राहिले. १८६१ साली डाल्झेल यांच्यासह त्यांनी इलाख्यातील वनस्पतींचा ग्रंथ छापला. १८६७ साली ते वारले.

दापोडीच्या झाडांची त्यांनी सुरेख चित्रे काढवून घेतली होती. ती आजही एडिंबरोच्या बागेत जपून ठेवलेली आहेत. काढणारा चितारी इकडचाच होता. त्याचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही. रानातली मुळी-साल ओळखणाऱ्या आपल्याकडच्या बायाबापड्यांची नावे तर कोण लिहिणार!