गाडगेबाबांचा जमाखर्च

गाडगेबाबा म्हटले की आपल्यासमोर खराटा उभा राहतो. शाळेत २० डिसेंबरला पुण्यतिथी होते, मैदान झाडले जाते, दोन भाषणे होतात आणि बाबांना पुढच्या डिसेंबरपर्यंत रजा मिळते. २००० साली शासनाने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, तेव्हापासून तर बाबा आणि खराटा ही जोडी अगदी पक्की झाली. खराटा खराच होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ग्रंथालयातले प्रबोधनकार ठाकऱ्यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र मी वाचायला घेतले आणि सारखे वाटत राहिले, की ह्या माणसाचा खरा वैरी कर्ज होता.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा. गाव शेणगाव, अंजनगाव सुर्जीजवळचे. जात परटाची, नाव डेबू, बापाचे नाव झिंगराजी आणि आडनाव जानोरकर. झिंगराजी दारूपायी गेले, तेव्हा डेबू अगदी लहान होता. आई सखूबाई त्याला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला माहेरी आली. तिथे डेबू मामाच्या घरी गुरे राखू लागला, वाढला, नांगर धरू लागला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. अंगात कष्ट मात्र भरपूर, आणि वावरही कसदार होते. पण मामाचे ते वावर सावकाराच्या कागदात अडकले आणि हातचे गेले. कागदावर काय लिहिले आहे हे घरात कोणालाच वाचता येत नव्हते. दारूने बाप नेला आणि अडाणीपणाने जमीन नेली, एवढे शिक्षण डेबूला पुरले असावे.

कारण त्यानंतर त्यांनी केलेली पहिली बंडखोरी जेवणाच्या पंगतीत झाली. त्यांच्या मुलीचे, आलोकाचे बारसे होते. अशा वेळी भावबंदांना मटण आणि दारू द्यायची ही रीत. न दिली तर नाक कापले जाणार, दिली तर कर्ज होणार. डेबूजींनी साधे गोडाधोडाचे जेवण वाढले. भावकीत केवढी कुजबुज झाली असेल! आज आपल्याला ही गोष्ट किरकोळ वाटते, पण ज्याने खेड्यातली पंगत पाहिली आहे त्याला त्यातली हिंमत कळेल. डोंगर चढणे सोपे. चार भावबंदांसमोर कमी खर्चाचे जेवण वाढणे कठीण.

१ फेब्रुवारी १९०५ ला ते घर सोडून निघाले. मागे म्हातारी आई, बायको कुंताबाई आणि लहान लेकरे होती. ह्याबद्दल पुढे लिहिते.

त्यानंतरचा त्यांचा वेष सगळ्यांना माहीत आहे. रंगीबेरंगी चिंध्या जोडून केलेले अंगातले वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, डोक्यावर मडक्याचे खापर, हातात खराटा. त्या मडक्यातच कोणी वाढेल ते जेवायचे, त्यातच पाणी प्यायचे. लोक कोणी गोधडेबुवा म्हणत, कोणी गाडगेबुवा. गावात आल्याबरोबर काही न बोलता रस्ते झाडायला लागायचे. कोणी भाकरी दिली तर तिच्या बदल्यात काहीतरी काम करायचे, फुकटचे खायचे नाही. रात्री त्याच गावात कीर्तन. माणसे म्हणतात बाबांना स्वतःसाठी काहीच लागत नव्हते. मला वाटते, त्यांना काय लागते हे त्यांनी एकदा नीट मोजून पाहिले होते. एक भाकरी, एक खापर, एक चिंधी. बाकीचे सगळे ज्याच्या त्याच्या नावाने खर्ची टाकायला ते मोकळे झाले.

त्यांचे कीर्तन म्हणजे वऱ्हाडी बोलीतली प्रश्नोत्तरेच असत. बाबा विचारायचे आणि हजारो माणसे एका आवाजात उत्तर द्यायची. देव कुठे आहे, नवसाला बकरे का कापता, हे विचारता विचारता ते हळूच हिशेबावर यायचे. लग्नात किती उडवले, सणाला किती काढले, व्याज किती झाले, आता वावर कोणाकडे आहे? समोर बसलेल्यांतल्या कितीतरी जणांना ते प्रश्न आपल्यालाच विचारल्यासारखे वाटत असतील.

पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे गाव आहे. तिथे पौषातल्या रविवारी यात्रा भरते. नावातच ऋणातून सुटका आहे, म्हणून लोक तिथे श्रद्धेने बुडी मारतात. बाबांची सेवा ह्याच यात्रेत सुरू झाली. त्यांनी काठ झाडला, चिखलात घसरणाऱ्या म्हाताऱ्यांना हात दिला आणि पुढे तिथे घाट बांधवला. पाण्यात बुडून सावकाराचे ऋण फिटत नाही हे त्यांना दापुऱ्याहून माहीत होते. तरी त्यांनी घाट बांधला, निदान माणसे घसरू तरी नयेत.

मी हे सगळे इतक्या आपुलकीने का लिहिते ते सांगते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आजोबा वारले तेव्हा तेरवीला गावजेवण झाले. ते झाले नसते तर चालले नसते, असे अजूनही सगळे म्हणतात. त्यासाठी गावातल्या एकाकडून घेतलेले पैसे फेडायला चार वर्षे लागली आणि मधे एक बैल विकावा लागला. त्या जेवणातले वरण चांगले झाले होते की नाही, हे आज कोणालाही आठवत नाही. पुढे माझ्या प्रवेशाच्या वेळी पैसे नव्हते, तेव्हा आईने पायातल्या चांदीच्या तोरड्या काढून दिल्या.

बाबा कीर्तनात नेमके हेच सांगत. घरातली भांडी विकायची वेळ आली तर विका, भाकरी हातावर घेऊन खा, बायकोला हलके लुगडे घ्या, पण पोराला शाळेत घातल्याशिवाय राहू नका, असा त्यांचा आग्रह असे. स्वतः निरक्षर असलेल्या माणसाने काटकसरीला दिलेला हा अर्थ मला फार मोठा वाटतो. पैसा वाचवून गाडग्यात पुरून ठेवायचा नव्हता, तो शाळेकडे वळवायचा होता. तरीही ते लुगड्याचे वाक्य आले की मी थांबते. भांडी घरातली, लुगडे आईचे, तोरड्याही आईच्याच. खर्च कमी करायचा ठरला की कात्री पहिल्यांदा कोणाच्या पदराला लागते, हे बाबांना दिसले नसेल का?

कुंताबाईंचे आयुष्य पाहिले की हा प्रश्न आणखी बोचतो. बाबांनी देणग्या गोळा करून पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक, मुंबई अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. लाखो रुपये त्यांच्या शब्दावर येत आणि चुना-विटांत जात. मात्र त्यातल्या एका पैशावर आपल्या घरच्या माणसांचा हक्क नाही, हे त्यांनी कटाक्षाने पाळले. कुंताबाई झोपडीत राहिल्या. परक्याच्या आजारी माणसाला पक्के छप्पर, आणि ज्याच्या शब्दाने ते उभे राहिले त्याच्या बायकोला कुडाच्या भिंती. सार्वजनिक पैशाबद्दल इतका कडक माणूस आपल्याला आज शोधून सापडणार नाही, हे मी मान्य करते. पण बाबांनी साधेपणा स्वतः निवडला. कुंताबाईंना तो वाट्याला आला. त्यांचे चरित्र कोणी सविस्तर लिहिले असते तर मी ते बाबांच्या चरित्राच्या आधी वाचले असते.

१९२३ साली मुलगा गोविंदा गेला. ती बातमी आली तेव्हा बाबा कोकणात खारेपाटणला कीर्तनात उभे होते. त्यांनी कीर्तन थांबवले नाही. आमच्या वर्गात ह्यावर वाद झाला. काहींना हे वैराग्य वाटले, काहींना कठोरपणा. मला वाटले, रडायला बसण्याइतका वेळही ज्याने स्वतःच्या नावावर ठेवला नाही, त्याला आपण काय म्हणणार?

त्यांच्या मोठ्या कामांबद्दल थोडक्यात सांगते, कारण ती बहुतेकांना ठाऊक आहेत. अस्पृश्य वारकऱ्यांसाठी पंढरपुरात बांधलेली चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रोग्यांच्या नातलगांसाठी धर्मशाळा झाली. १९५२ मध्ये गाडगे महाराज मिशन निघाले. १९५४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी कऱ्हाडला महाविद्यालय काढले, त्याला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. ज्याला अक्षर येत नव्हते त्याच्या नावाची पाटी कॉलेजवर लागली.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे येत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी गाडीतच गाडगेबाबांनी प्राण सोडला. त्यांच्या नावावर घर नव्हते, वावर नव्हते, आणि कोणाचे देणेही नव्हते. दर्यापूरकडून कॉलेजला येणारी आमची एस. टी. त्याच पुलावरून येते. पूल आला की पुढच्या बाकावरच्या बायका हात जोडतात. मी त्या वेळी बहुधा आईच्या पायांचा विचार करत असते.