कुसळ, मुसळ आणि पंडिता रमाबाई

शुभवर्तमानात विनोद असेल असे मला वाटले नव्हते. पण पेल्यातले चिलट गाळून काढणारा नि अख्खा उंट गिळणारा धर्मपंडित डोळ्यांपुढे आणा! दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ काढायला निघालेला, स्वतःच्या डोळ्यात मुसळ असलेला गृहस्थ मी घाटकोपरला आमच्या चाळीत आजीला ऐकवला. ती खुदकन हसली. ही म्हण तर तिच्याच तोंडची!

आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. वर्गातले जड मराठी घरी नेता येत नाही. म्हणून पंडिता रमाबाई मला जवळच्या वाटतात. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही कन्या १८५८ ची. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना सरस्वती ही पदवी दिली. १८८३ मध्ये इंग्लंडात त्या ख्रिस्ती झाल्या. पुढे केडगावच्या मुक्ती आश्रमात हिब्रू-ग्रीकचा अभ्यास करून त्यांनी सबंध बायबल मराठीत आणले. आणि गंमत पाहा, संस्कृतने सभा जिंकणाऱ्या या बाईंनी त्यातून संस्कृत शब्दच शक्य तेवढे गाळले. का, तर खेड्यातल्या बायांना कळावे. काम पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये निघाला.

आजी आता उंटाचे पुढे काय झाले, ते विचारते आहे.