ब्रोनिस्लावा निजिन्स्का : चरित्र आणि कर्तृत्व

साहित्यकृतीला संहिता असते. कर्ता काळाआड गेला तरी ती वाचता येते. नृत्यरचनेचे तसे नाही. ती नर्तकांच्या देहात वसते आणि प्रयोग थांबले की विरू लागते. अशा कलेत कर्तृत्वाची नोंद राहणे मुळातच दुष्कर. त्यातून कर्ती स्त्री असेल आणि एका जगद्विख्यात नर्तकाची बहीण असेल, तर ते अधिकच दुष्कर होते. बॅलेच्या इतिहासात ब्रोनिस्लावा निजिन्स्का हिच्या वाट्याला नेमके हेच आले.

तिचा जन्म ८ जानेवारी १८९१ रोजी मिन्स्क येथे झाला. आईवडील दोघेही पोलिश नर्तक. गावोगावच्या रंगमंचांवरच तिचे बालपण गेले. १९०० साली सेंट पीटर्सबर्ग येथील शाही नाट्यविद्यालयात तिला प्रवेश मिळाला. १९०८ मध्ये शिक्षण पुरे करून ती मारीन्स्की रंगमंदिरात दाखल झाली आणि पुढच्याच वर्षी दियागिलेव्हच्या मंडळीबरोबर पॅरिसला गेली. १९११ मध्ये बंधू वास्लाव याला शाही सेवेतून काढण्यात आले, तेव्हा तिनेही निषेधादाखल सेवा सोडली.

वास्लावच्या आरंभीच्या नृत्यरचना आधी तिच्या देहावर अजमावल्या गेल्या. ‘फॉन’ची नवी, कोनाकोनांची देहभाषा त्याने तिच्यावरच प्रथम घडवून पाहिली. १९१३ च्या ‘वसंतविधी’त बळी जाणाऱ्या कुमारिकेची भूमिका तिच्यासाठी योजिली होती, परंतु ती गरोदर असल्याने ती दुसरीकडे गेली. बंधूच्या क्रोधालाही तिला तोंड द्यावे लागले. त्या कृतींच्या घडणीत तिचा वाटा होता, श्रेयात मात्र नव्हता.

तिची स्वतंत्र दृष्टी सिद्ध झाली ती कीव्हमध्ये. महायुद्ध, क्रांती व यादवी यांच्या धामधुमीत १९१९ साली तिने तेथे नृत्यशाळा काढली. चित्रकर्ती आलेक्सांद्रा एक्स्तर हिच्या सहवासात नव्या चित्रकलेशी तिचा निकटचा परिचय झाला. गती हाच नृत्याचा प्राण, सुंदर मुद्रांची मालिका नव्हे, हा सिद्धान्त तिने याच काळात लेखनातून मांडला. १९२१ मध्ये वृद्ध माता व दोन लहान मुले यांना घेऊन तिने देश सोडला. तोवर वास्लाव मनोविकाराने रंगमंचापासून कायमचा दुरावला होता. दियागिलेव्हने तिला पाचारण केले. त्याच्या मंडळीची नृत्यरचनाकार झालेली ती एकमेव स्त्री होय.

१३ जून १९२३ रोजी पॅरिसमध्ये सादर झालेले ‘ले नॉस’ ही तिची श्रेष्ठ कृती. स्त्राविन्स्कीच्या या रचनेचा विषय रशियन खेड्यातील विवाह. गायकवृंद, चार पियानो आणि तालवाद्ये एवढीच तिची वाद्यसामग्री. गोंचारोव्हा हिने प्रथम रंगीबेरंगी, उत्सवी वेष चितारले होते. निजिन्स्काने ते नाकारले आणि त्यापायी काही काळ हे काम तिच्या हातून गेले. परंतु अखेर तिचेच म्हणणे मान्य होऊन तपकिरी व पांढरे साधे वेष आले. तिला या विवाहात आनंदसोहळा दिसत नव्हता. इच्छा न विचारता दोन तरुण जीवांना बांधून टाकणारा विधी दिसत होता. लेकीच्या पाठवणीच्या ओव्यांतील व्यथा जाणणाऱ्या मराठी वाचकाला ही दृष्टी परकी वाटू नये. येथे वधूवरांना एकल नृत्याची झळाळी नाही. बोलतो तो समूह. पायाच्या बोटांच्या टोकांवर उभे राहण्याचे तंत्र, जे पूर्वी परीचे हलकेपण दाखवी, ते येथे जमिनीवर आघात करणारे, कठोर झाले. १९२६ मध्ये लंडनच्या समीक्षकांनी या कृतीची अवहेलना केली, तेव्हा कादंबरीकार एच. जी. वेल्स याने जाहीर पत्र लिहून तिचा कैवार घेतला.

१९२४ च्या ‘ले बिश’मध्ये तिने उच्चभ्रू मेजवानीतील प्रणयचाळ्यांचे उपरोधिक चित्र रेखाटले. १९२८ मध्ये इडा रुबिन्स्टाइनच्या मंडळीसाठी राव्हेलच्या ‘बोलेरो’ची पहिली नृत्यरचनाही तिचीच, संगीत जगभर गाजले, रचनाकर्तीचे नाव मात्र मागे पडले. १९३५ मध्ये मोटार-अपघातात तिचा तरुण पुत्र मरण पावला. तरीही १९३७ मध्ये पोलिश बॅलेची धुरा तिने वाहिली. पुढे कॅलिफोर्नियात स्थायिक होऊन ती अध्यापनात रमली. मारिया टॉलचीफ ही तिचीच शिष्या.

मंडळ्या मोडल्या तशा तिच्या बहुतेक कृती लुप्त झाल्या. रुबिन्स्टाइनच्या मंडळीत तिच्या हाताखाली नाचलेला फ्रेडरिक ॲश्टन पुढे लंडनच्या रॉयल बॅलेचा संचालक झाला. त्याने तिला सन्मानाने बोलावून १९६४ मध्ये ‘ले बिश’ व १९६६ मध्ये ‘ले नॉस’ तिच्याच हातून पुन्हा उभे करविले. २१ फेब्रुवारी १९७२ रोजी ती निवर्तली. बालपण व तारुण्य यांच्या आठवणींचा तिचा ग्रंथ १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. एका कृतज्ञ सहकाऱ्याला स्मरण झाले नसते, तर विसाव्या शतकातील या थोर नृत्यकृतीची आज आपणांस केवळ वर्णनेच वाचावी लागली असती. लिखित संहितेवर विसंबून परंपरेचा इतिहास रचणाऱ्या अभ्यासकाने या चरित्रातून घ्यावयाचा बोध हाच की, जे लिहिले गेले नाही तेही रचलेलेच असते आणि त्यालाही कर्ता असतो.