डॉ. रखमाबाई: कायद्यापुढे नकार देणारी स्त्री

ज्या मुंबई बंदरातून आपले कितीतरी पूर्वज जहाजात बसून मॉरिशसला आले, त्याच मुंबईत २२ नोव्हेंबर १८६४ रोजी रखमाबाईंचा जन्म झाला. त्या लहान असतानाच वडील जनार्दन पांडुरंग वारले. त्यांच्या सुतार समाजात विधवेला पुन्हा लग्न करता येत असे. आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले. ते विद्वान गृहस्थ होते. त्यांच्या घरी रखमाबाईंना वाचनाची गोडी लागली.

अकराव्या वर्षी त्यांचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावून दिले गेले. लग्नानंतरही त्या माहेरीच राहिल्या, आणि मोठ्या झाल्यावर त्यांनी सासरी नांदायला जाण्यास नकार दिला. १८८४ साली दादाजींनी मुंबई हायकोर्टात दावा लावला.

१८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. नकळत्या वयात लग्न झालेल्या आणि नवऱ्याबरोबर कधीच न राहिलेल्या स्त्रीवर अशी सक्ती करणे त्यांना योग्य वाटले नाही. अपिलात हा निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये हुकूम झाला की रखमाबाईंनी महिन्याभरात नवऱ्याकडे जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगात राहावे. त्यांनी तुरुंगात जाण्याची तयारी दाखवली. हा कायदा इंग्लंडहून आलेला. पण तिथे या कारणासाठी होणारी कैद १८८४ सालीच बंद झाली होती.

आपल्या घरांना ही गोष्ट परकी वाटू नये. आपल्या पूर्वजांनी वाचता न येणाऱ्या करारावर अंगठा उठवला. मळ्यावर एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई, आणि काम सोडून गेलेल्याला तुरुंग दाखवला जाई. रखमाबाईंचा करार तर त्यांच्या वतीने मोठ्या माणसांनीच केला होता. आपल्या पणज्यांचेही लग्न ठरताना त्यांना कोणी विचारले नाही.

टिळकांच्या ‘केसरी’ने रखमाबाईंवर कडक टीका केली. बेहरामजी मलबारी आणि डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना साथ दिली. शेवटी १८८८ साली दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन दावा सोडला. या खटल्याने पेटलेल्या वादातूनच पुढे १८९१ साली मुलींच्या संमतीचे वय दहावरून बारा झाले.

१८८९ साली रखमाबाई लंडनला वैद्यकशास्त्र शिकायला गेल्या. डॉक्टर होऊन परतल्यावर त्यांनी सुरत आणि राजकोट येथे स्त्रियांच्या दवाखान्यांत अनेक वर्षे सेवा केली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आपल्या मॉरिशसमध्येही आईवडिलांच्या संमतीने सोळाव्या वर्षी लग्न लावण्याची मुभा होती. २०२२ साली ती संपली. कायदा बदलला, तरी घरातली सवय लगेच बदलत नाही, हे आम्ही शिक्षिका वर्गात पाहतो. म्हणून आम्ही मुलींना रखमाबाईंची गोष्ट सांगतो, आणि पालकांना एवढेच विनवतो की मुलीचे काही ठरवायचे असेल तर आधी तिला विचारा, आणि ती नाही म्हणाली तर ते ऐका.